पितळेची साक्ष

रिव्हॉल्व्हरची वापरलेली काडतुसं घरच्या घरी पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत सव्वाशे वर्षांहून जुना आहे. बार किती भरायचा हे तपासण्याची त्याची रीतही पिढ्यान्‌पिढ्या तीच चालत आली. थोड्या दारूपासून सुरुवात करायची, दर खेपेला ती किंचित वाढवायची आणि प्रत्येक बार उडाला की रिकामी पुंगळी उजेडात धरून न्याहाळायची. पुंगळीच्या बुडातली टोपी चपटी झाली आहे का, टोपीवरचा घोड्याच्या टोकाचा खळगा नेहमीसारखा आहे का, पुंगळी सिलिंडरच्या घरातून अलगद निघते की ठोकून काढावी लागते, हे पाहायचं. लक्षणं दिसली की दारू एक पायरी कमी करायची आणि तोच आपल्या हत्याराचा सुरक्षित बार समजायचा. ही रीत सावध माणसांनी घडवली, सावध माणसांनीच पाळली आणि रायफलीच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी उपयोगीही पडली. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मात्र तिच्या मुळाशीच चूक होती. पुंगळी साक्ष देते ती स्वतःच्या पितळेची. ज्या पोलादी सिलिंडरमध्ये ती बसलेली असते त्याची ताकद किती उरली आहे, हे तिला सांगता येत नाही. रिव्हॉल्व्हरच्या बाराचा इतिहास नीट पाहिला तर मर्यादा कळल्या त्या आधी हत्यारं फुटून आणि मग मोजमापाची साधनं आल्यावर. आणि त्या पाळल्या गेल्या त्या बहुतेक वेळा धातूच्या मापातच बांधून टाकल्यावर.

काळ्या दारूच्या जमान्यात हा प्रश्न एवढा टोकदार नव्हता, कारण जागाच पुरत नसे. सॅम्युअल कोल्टने 1836 मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू आणि गोळी सिलिंडरच्या घरात पुढून ठासायची असे. घरात मावेल तेवढी दारू घातली आणि वर गोळी बसवली की बार पूर्ण. मापाचं भांडं म्हणजे हत्याराचं घरच. अशा व्यवस्थेत बारावर नियंत्रण ठेवायचं तर ते घराच्या लांबीवर ठेवावं लागतं, आणि हे कोल्टच्या कारखान्याला फार लवकर कळलं. टेक्सस रेंजर्समधल्या सॅम्युअल वॉकरच्या आग्रहाने 1847 मध्ये निघालेल्या अवजड रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक घरात सुमारे 60 ग्रेन काळी दारू मावत होती. आपला इंग्रजी अमदानीतला तोळा 180 ग्रेनचा. म्हणजे एका बाराला तोळ्याची तिसराई. त्या काळच्या लोखंडाला आणि त्यावर करता येणाऱ्या प्रक्रियेला हा बार झेपणारा नव्हता आणि त्यातली अनेक सिलिंडरं फुटली. कोल्टने सैनिकांना दारू जपून घालण्याची ताकीद देत बसण्याऐवजी 1848 पासूनच्या ड्रॅगून नमुन्यात घरंच आखूड केली. जास्त दारू घालायची म्हटलं तरी जागा नाही. पुढे 1873 मध्ये पितळी काडतुसाचं .45 कोल्ट आलं तेव्हा त्याच्या पुंगळीत 40 ग्रेन काळी दारू बसत असे, पाव तोळ्याला थोडी कमी. तिथेही पुंगळी भरली की माणसाचा हात आपोआप थांबत होता. न्यू हेवनमध्ये जॉन बार्लोने 1884 मध्ये आयडियल कंपनी काढली आणि चिमट्यासारखी भरणीची हत्यारं व सोबतीला माहितीपुस्तिका गावोगाव पोचवल्या. त्यांतून घरगुती भरणीचा पसारा वाढला, पण त्या पसाऱ्याचा पाया काळ्या दारूच्या या गुणावरच होता: पुंगळी भरली म्हणजे बार बरोबर झाला.

दाब मोजण्याची विद्या तोवर जगात नव्हती असं मात्र नाही. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1742 मध्ये तोफशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात लंबकाचा प्रयोग मांडला. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यात गोळी मारायची, ठोकळा किती मागे झुलला ते मोजायचं आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा. त्याआधी दारूची परीक्षा म्हणजे ठरावीक वजनाच्या दारूने ठरावीक वजनाचा गोळा किती लांब जातो, किंवा एखाद्या छोट्या कुपीचं झाकण किती वर उचललं जातं, एवढंच पाहणं असे. रॉबिन्सने प्रश्न फिरवला: दारू चांगली की वाईट हे विचारण्यापेक्षा तिने गोळीला नेमका किती वेग दिला ते विचारा. ऑयलरसारख्या गणितज्ञाने त्या ग्रंथाचं 1745 मध्ये जर्मनीत भाषांतर करून त्यावर भाष्य लिहिलं. रॉबिन्सला पुढे ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या किल्ल्यांच्या बांधकामासाठी हिंदुस्थानात पाठवलं आणि 1751 च्या जुलैत तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. आधुनिक क्षेपणविद्येचा पाया घालणारा माणूस आपल्याच देशात दफन झाला, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच भेटते. पुढच्या शतकात अमेरिकी सैन्यातल्या थॉमस रॉडमनने आणि इंग्लंडमधल्या अँड्र्यू नोबलने नळीच्या आतला दाब तांब्यावर उमटवून मोजायची युक्ती काढली. नोबलची रीत रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांपर्यंत पोचली आणि शंभर वर्षं टिकली. नळीच्या भिंतीला एक भोक पाडायचं, त्यात एक घट्ट बसणारा दट्ट्या सरकवायचा, दट्ट्याच्या डोक्यावर तांब्याचा करंगळीच्या नखाहूनही लहान दंडगोल ठेवायचा आणि वरून पक्का खिळा आवळायचा. बार उडाला की वायू दट्ट्याला ढकलतो आणि तांबं दबतं. दंडगोलाची उंची आधी मायक्रोमीटरने मोजलेली असते. ती पुन्हा मोजायची आणि किती कमी झाली त्यावरून तक्त्यात दाब पाहायचा. हे सगळं तोफखाने, शस्त्रागारं आणि मोठ्या काडतूस कंपन्या यांच्या प्रयोगशाळांत होत राहिलं. आयडाहोतल्या किंवा माँटॅनातल्या गुराख्याच्या हाती त्यातलं काहीच नव्हतं. त्याच्याजवळ होती ती रिकामी पुंगळी.

घोळ झाला तो बिनधुराच्या दारूने. पॉल व्हिएलने 1884 मध्ये फ्रान्समध्ये ती सिद्ध केली आणि दहा-पंधरा वर्षांत तिचे प्रकार रिव्हॉल्व्हरपर्यंत आले. 1898 मध्ये लॅफलिन अँड रँड कंपनीने काढलेली बुल्सआय ही दारू आजही त्याच नावाने विकली जाते. निशाणेबाजीच्या .38 स्पेशल काडतुसात तिचा नेहमीचा बार तीन ग्रेनहूनही कमी, सोनाराच्या वजनात सांगायचं तर जेमतेम दीड गुंज. एवढीशी दारू पुंगळीच्या तळाला पडून राहते आणि वर भली मोठी जागा रिकामी राहते. म्हणजे ज्या जागेने अर्धशतक माणसाचा हात रोखला होता तिने रोखणं सोडलं. चुकून दोनदा दारू पडली तरी ती पुंगळीत आरामात मावते आणि गोळी वर बसवली की बाहेरून काहीच कळत नाही. जुन्या सवयीने माप भरून दारू ओतणाऱ्यांची हत्यारं फुटली. हलका बार भरूनही रिव्हॉल्व्हर फुटल्याच्या तक्रारी पुढे कित्येक दशकं येत राहिल्या. त्यावर दारू कमी असली की ती कधी कधी जळण्याऐवजी एकदम स्फोट पावते असं एक स्पष्टीकरण फार लोकप्रिय झालं. रिव्हॉल्व्हरमध्ये बुल्सआयच्या हलक्या बाराने असं होतं हे प्रयोगशाळेत भरवशाने करून दाखवता आलेलं नाही. दोनदा पडलेल्या दारूने मात्र हत्यार फुटू शकतं. मला त्या लोकप्रिय स्पष्टीकरणात माणसाचा स्वभाव दिसतो: हाताच्या चुकीपेक्षा दारूच्या गूढ वागण्यावर विश्वास ठेवणं सोपं जातं.

आता पुंगळीकडे जवळून पाहू. टोपी म्हणजे पितळेची किंवा मुलामा दिलेली छोटी वाटी. तिची कडा गोल असते. बार उडाला की आतला दाब तिला मागे रेटतो, ती हत्याराच्या मागच्या पाटावर आपटते आणि दाब पुरेसा असेल तर गोल कडा सपाट होऊन भोकाच्या काठापर्यंत पसरते. हे किती होईल ते दाबाबरोबरच वाटीच्या धातूच्या कठीणपणावर, तिच्या जाडीवर आणि पुंगळी व पाट यांच्यामध्ये किती फट आहे यावर ठरतं. एका कंपनीची टोपी ज्या दाबाला चपटी होते, त्या दाबाला दुसऱ्या कंपनीची गोलच राहते. पुंगळी घरात अडकणं हे त्या मानाने भरवशाचं लक्षण, कारण पितळ ताणलं जाऊन पूर्ववत आखडलं नाही की ते अडकतं. पण पितळ केव्हा ताणलं जातं? अमेरिकी काडतूस उत्पादकांची मानक संस्था 1926 मध्ये स्थापन झाली. तिच्या आजच्या मानकांत .45 कोल्टला चौरस इंचाला 14,000 पौंड एवढीच दाबाची कमाल मर्यादा आहे; .38 स्पेशलला 17,000, आणि .30-06 रायफलीला 60,000. पितळ सगळीकडे जवळपास एकाच जातीचं. याचा सरळ अर्थ असा, की .45 कोल्टच्या पुंगळीवर धोक्याची खूण उमटेपर्यंत जुन्या कोल्टच्या सिलिंडरची मर्यादा कधीच मागे पडलेली असते. याला पुरावाही आहे. रूगर कंपनीने 1970 च्या सुमारास .45 कोल्टसाठी बरंच दणकट रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्यानंतर भरणीच्या पुस्तकांत याच काडतुसाचे दोन वेगळे तक्ते छापले जाऊ लागले, एक जुन्या कोल्टसाठी आणि एक फक्त रूगरसारख्या मजबूत हत्यारांसाठी. दुसऱ्या तक्त्यातले दाब पहिल्याच्या जवळपास दुप्पट. पुंगळी तीच, आणि ती दुप्पट दाबानंतरही स्वच्छ, सहज बाहेर येते. तीच पुंगळी जुन्या कोल्टमधून निघाली असती तर पुंगळी पाहणाऱ्याने बार सौम्य आहे असाच निर्वाळा दिला असता.

या सगळ्या इतिहासात एल्मर कीथ हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. 1899 मध्ये मिसुरीत जन्मलेला, आयडाहोत गुरं राखणारा आणि शिकार करणारा हा माणूस रिव्हॉल्व्हरचा बार वाढवण्याच्या चळवळीचा प्रमुख लेखक ठरला. 1925 च्या 4 जुलैला त्याच्या हातातलं .45 कोल्ट फुटलं. रायफलीची जड गोळी आणि बारीक केलेली काळी दारू असा तो बार होता. कीथच्या मोठेपणाची खूण ही, की त्याने फुटलेल्या हत्याराकडे पाहून योग्य प्रश्न विचारला: भिंत कुठे पातळ आहे? कोल्टच्या सिलिंडरमध्ये सहा घरं असतात आणि बाहेरून प्रत्येक घराच्या डोक्यावर सिलिंडर अडकवून धरणारी खाच कापलेली असते. .45 च्या रुंद घरामुळे त्या खाचेखाली पोलादाचा अगदी पातळ पापुद्रा उरतो. सिलिंडर बाहेरून तेवढंच ठेवून घर .44 चं केलं की भिंत जाड होते. म्हणून कीथ .44 स्पेशलकडे वळला आणि पुढची तीस वर्षं त्याच काडतुसाचा जड बार त्याने लेखांतून आणि पुस्तकांतून लोकांपुढे मांडला. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्याला पुढची वाट दाखवली ती फुटलेल्या पोलादाच्या मापाने. टोपीकडे कितीही निरखून पाहिलं असतं तरी खाचेखालचा पापुद्रा दिसला नसता.

कीथच्या बाजूने एक रास्त आक्षेप घेता येईल, आणि तो अनेकांनी घेतलाही आहे. त्याच्या बाराने हजारो गोळ्या झाडल्या गेल्या, रिव्हॉल्व्हरं टिकली. मग प्रयोगशाळा नसली म्हणून अनुभवाला पुरावा मानायचं नाही का? मानायचं, पण तो कशाचा पुरावा आहे हे नीट ओळखून. ठरावीक कंपनीच्या, ठरावीक काळातल्या हत्यारात, ठरावीक पुंगळीत आणि दारूच्या ठरावीक घाण्यात तो बार चालला, एवढं त्यातून सिद्ध होतं. कीथच्या सुरुवातीच्या पुंगळ्यांचं बूड आतून पोकळ असे. टोपीच्या खळग्याभोवती दारूला जागा मिळे. पुढे घट्ट बुडाच्या पुंगळ्या आल्या, त्या मजबूत, पण आतून लहान. तीच दारू लहान जागेत घातली की दाब चढतो. कीथने स्वतः नव्या पुंगळ्यांसाठी बार कमी सांगितला. पण तोवर जुना आकडा हजारो वह्यांत उतरलेला होता आणि आकड्याबरोबर पुंगळीचं बूड उतरलेलं नव्हतं. अनुभवाने दिलेला आकडा ज्या वस्तूंवर उभा असतो त्या वस्तू बदलल्या तर तो आकडा उरतो, त्याची सत्यता उरत नाही. आणि एखादं सिलिंडर हजार वेळा टिकलं म्हणून ते मर्यादेच्या आत होतं असंही नाही; पोलाद दर बाराला थोडं थोडं थकतं.

कारखान्यांनी या अनुभवाचं काय केलं ते पाहिलं की फरक स्पष्ट होतो. स्मिथ अँड वेसनने 1930 मध्ये .38 स्पेशलचं तगडं काडतूस झेलण्यासाठी मोठ्या बांध्याचं रिव्हॉल्व्हर काढलं. फिल शार्पसारख्या लेखक-प्रयोगकर्त्यांनी त्यात आणखी जोरदार बार भरून पाहिले, डग्लस वेसनने त्यात रस घेतला आणि विंचेस्टरच्या मदतीने 1935 मध्ये .357 मॅग्नम जन्माला आलं. हौशी लोकांनी काय हवं ते दाखवून दिलं होतं, आणि त्यांचं हे श्रेय मोठं आहे. पण कारखान्याने त्यांचा बार जुन्या पुंगळीत भरून विकला नाही. पोलादावर उष्णतेची प्रक्रिया केलेलं सिलिंडर घेतलं, दाब मोजला आणि पुंगळी साधारण एक अष्टमांश इंचाने लांब केली. लांब पुंगळीची आत वाढलेली जागा दुय्यम होती. ते काडतूस जुन्या .38 च्या घरात पूर्ण शिरूच नये, हा खरा हेतू. कोल्टने 1848 मध्ये घर आखूड करून जे साधलं तेच इथे पुंगळी लांब करून साधलं. कीथ वर्षानुवर्षं कारखान्यांकडे जोरदार .44 मागत होता. जुनी .44 रिव्हॉल्व्हरं लोकांच्या कपाटांत आहेत, कोणी हा बार त्यांत घातला तर काय, ही उत्पादकांची अडचण होती. 1955 च्या अखेरीला स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी .44 मॅग्नम सिद्ध केलं, तेव्हा उत्तर पुन्हा तेच निघालं: एक अष्टमांश इंच लांब पुंगळी.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. मोजमापाची साधनं तरी कुठे निर्दोष होती? तांब्याच्या दंडगोलाच्या रीतीने .357 मॅग्नमची मर्यादा 45,000 ठरली होती. आज दाबविद्युत स्फटिकाच्या साधनाने ती 35,000 आहे. यावरून अनेक भरणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की कंपन्यांनी खटल्यांच्या भीतीने काडतूस दुबळं केलं. हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण हे दोन आकडे एकाच एककाचे नाहीत. तांबं दबायला वेळ लागतो आणि दाबाचं शिखर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतं. तांबं सांगतं ते त्या शिखराचं आणि त्याच्या टिकण्याचं मिश्रण. स्फटिक प्रत्येक क्षणाचा दाब रेषेने काढून देतो. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणारं सर्वांना लागू पडेल असं सूत्र नाही. तरीही आक्षेपातला खरा भाग मान्य करावा लागतो: तांब्याची साक्ष अपुरी होती, आणि काही जुने तक्ते नव्या साधनांनी तपासल्यावर उतरवावे लागले. पण अपुरं साधन आणि पुंगळीची लक्षणं यांत मोठं अंतर आहे. तांब्याच्या दंडगोलाची चूक वेगवेगळ्या प्रयोगशाळांना एकमेकींशी ताडून पाहता येत होती, आणि चांगलं साधन आलं तेव्हा ती किती होती हेही कळलं. चपट्या टोपीची चूक किती, हे कोणत्या साधनाने काढणार? तिला शून्यही नाही आणि मापपट्टीही नाही.

घरगुती भरणाऱ्याला मोजमापाचा पहिला खरा हिस्सा मिळाला तो वेगाच्या रूपाने, रॉबिन्सने जिथून सुरुवात केली तिथेच. 1960 च्या दशकानंतर टेक्ससमधल्या केन ओहलरसारख्यांनी परवडणारे वेगमापक बाजारात आणले. गोळी दोन पडद्यांवरून जाते आणि मधला काळ यंत्र मोजतं. वेग म्हणजे दाब नव्हे, हे खरं. दोन वेगळ्या दारूंचा वेग सारखा येऊनही एकीचं शिखर दुसरीहून उंच असू शकतं. पण दारू तीच, गोळी तीच, नळीची लांबी तीच आणि वेग मात्र प्रयोगशाळेच्या छापील तक्त्याहून बराच जास्त आला, तर तो जादा वेग फुकट आलेला नसतो. तो जादा दाबाने दिलेला असतो, मग पुंगळी कितीही स्वच्छ दिसो. दारू वाढवूनही वेग वाढायचा थांबला तर तीही खूणच. पितळाच्या लक्षणांची या यंत्राने प्रथमच उलटतपासणी घेतली, आणि त्या तपासणीत जुने कितीतरी लाडके बार टिकले नाहीत.

उरला तो डिक कॅसलचा मार्ग, आणि मला तो या परंपरेतला सर्वांत प्रामाणिक वाटतो. 1950 च्या दशकात यूटातल्या या कारागिराने .45 कोल्टची ताकद वाढवायचा ध्यास घेतला. बार वाढवत नेला तशी सिलिंडरं फुटली. तेव्हा त्याने सिलिंडर सहाऐवजी पाच घरांचं केलं. पाच घरांमुळे भिंती जाड झाल्याच, शिवाय अडकवण्याची खाच घराच्या डोक्यावर न येता दोन घरांच्या मधल्या भरीव पोलादावर आली. कीथने 1925 मध्ये जो पातळ पापुद्रा पाहून आपली वाट बदलली होती, तो कॅसलने नाहीसाच केला. त्याच्या .454 काडतुसाची मर्यादा आज चौरस इंचाला 65,000 पौंड आहे, .30-06 रायफलीहून जास्त, आणि त्याची पुंगळी .45 कोल्टहून थोडी लांब आहे. ती जुन्या कोल्टमध्ये बसत नाही.